लाल, नारिंगी, हिरवा की पांढरा? नव्या प्रकल्पाला पर्यावरणाची परवानगी कशी मिळते आणि गावाला बोलायची संधी कधी असते

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या शेजारी, अधूनमधून एक चौकट दिसते : ‘पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी’. खाली एखाद्या कंपनीचं नाव, गट नंबर, तालुका, तारीख आणि वेळ. बहुतेक वाचक पान उलटतात. सुनावणीच्या आदल्या दिवशी कुणीतरी त्या चौकटीचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं आणि मग प्रश्न सुरू होतात. कारखाना मंजूर झाला का? ग्रामपंचायतीने ना-हरकत दिली म्हणजे झालं का? शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्याला सुनावणी झाली नव्हती, मग इथे का?

दुसऱ्या बाजूला एखादा तरुण डाळ मिल टाकायला निघालेला असतो. बँक सांगते, प्रदूषण मंडळाचा कागद आणा. तो विचारत फिरतो, आपल्याला ‘ईआयए’ लागतो का?

या सगळ्या प्रश्नांचं उत्तर एका गोष्टीवर अवलंबून असतं : प्रकल्प कोणत्या गटात बसतो. किती कागद लागतील, किती महिने जातील, निर्णय पुण्या-मुंबईत होईल की दिल्लीत आणि शेजारी राहणाऱ्या लोकांना विचारलं जाईल की नाही, हे सारं त्या गटावरून ठरतं. गट मात्र ठरतो तो अर्जदाराने पहिल्या अर्जात भरलेल्या माहितीवरून.

दोन परवानग्या, दोन यादी

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. भारतात नव्या उद्योगासाठी पर्यावरणाच्या मुख्य परवानग्या दोन आहेत आणि त्यांचं वर्गीकरण वेगवेगळं आहे.

पहिली म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र, बोलीभाषेत ‘कन्सेंट’. जल प्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ आणि वायू प्रदूषण प्रतिबंधक कायदा १९८१ यांखाली ती लागते. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं. लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा हे रंग या परवानगीशी संबंधित आहेत.

दुसरी म्हणजे पर्यावरण मंजुरी, म्हणजे ‘ईसी’. ती पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली लागते. भोपाळ वायू दुर्घटनेनंतर हा कायदा आला. त्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी पहिली अधिसूचना निघाली आणि १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने तिची जागा घेतली. आजही अनेक दुरुस्त्यांसह हीच २००६ ची अधिसूचना लागू आहे. ‘ए’ आणि ‘बी’ हे गट या मंजुरीशी संबंधित आहेत.

धूर, सांडपाणी किंवा घातक कचरा निर्माण करणाऱ्या लहान-मोठ्या बहुतेक उद्योगांना पहिली परवानगी लागते. दुसरी फक्त अधिसूचनेच्या यादीतल्या, ठरावीक आकाराच्या किंवा प्रकारच्या प्रकल्पांना लागते. म्हणून डाळ मिलवाल्याला ‘ईआयए’ करावा लागत नाही आणि विमानतळाला नुसत्या संमतिपत्रावर काम सुरू करता येत नाही.

रंग कसा ठरतो?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांना रंग देण्यासाठी गुणांची पद्धत आणली. एखाद्या प्रकारच्या उद्योगातून किती आणि कसं सांडपाणी निघतं यासाठी ४० गुण, हवेत काय सोडलं जातं यासाठी ४० आणि घातक कचऱ्यासाठी २०, असे १०० पैकी प्रदूषणाचे गुण ठरले. ६० आणि त्यापुढे लाल, ४१ ते ५९ नारिंगी, २१ ते ४० हिरवा आणि २० पर्यंत पांढरा. पांढरा गट त्याच वर्षी नव्याने सुरू झाला.

२०२५ च्या सुरुवातीला ही पद्धत बदलली. आता ८० आणि त्यापुढे लाल, ५५ ते ८० च्या आत नारिंगी, २५ ते ५५ च्या आत हिरवा आणि २५ च्या खाली पांढरा. सांडपाणी प्रक्रिया, कचरा व्यवस्थापन यांसारख्या आवश्यक पर्यावरण सेवांसाठी निळा गटही आला. हे प्रकल्प प्रदूषण हाताळण्यासाठीच उभे राहतात, म्हणून त्यांना वेगळं काढलं गेलं.

२०१६ च्या यादीतली काही ओळखीची उदाहरणं पाहिली की रंगांचा अंदाज येतो :

- लाल : साखर कारखाना, डिस्टिलरी, कातडी कमावण्याचा कारखाना, सिमेंट, कीटकनाशकं, खतं, तेल शुद्धीकरण, औष्णिक वीज केंद्र
- नारिंगी : खडी क्रशर, मातीची वीटभट्टी, डांबर मिश्रणाचा प्लांट
- हिरवा : पिठाची गिरणी, डाळ मिल, लाकडाची वखार, शीतगृह
- पांढरा : सौर वीज, पवनचक्की, एअर कूलरची जुळणी, चहाचं मिश्रण आणि पॅकिंग

लाल रंगाचा अर्थ ‘बंदी’ असा होत नाही. महाराष्ट्रातले साखर कारखाने याच गटात येतात आणि चालतात. लाल म्हणजे प्रदूषणाची ताकद जास्त, म्हणून नजर जास्त. संमतिपत्राची मुदतही त्याच हिशेबाने ठरवली गेली होती : लाल गटाला साधारण ५ वर्षं, नारिंगीला १० आणि हिरव्याला १५ वर्षांपर्यंत.

पांढऱ्या गटाला नोव्हेंबर २०२४ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार संमतिपत्र घेण्यातूनच सूट मिळाली.

एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. रंग उद्योगाच्या प्रकाराला दिलेला असतो, जागेला नाही. खडी क्रशर माळावर असो की शाळेजवळ, गट तोच राहतो. वस्ती, शाळा, महामार्ग, नदी यांच्यापासून किती अंतर ठेवायचं याचे नियम वेगळे असतात. त्यामुळे ‘आमचा उद्योग हिरव्या गटातला आहे’ एवढ्याने जागेचा प्रश्न सुटत नाही.

संमतिपत्राचे दोन टप्पे

संमतिपत्र दोनदा घ्यावं लागतं. बांधकाम आणि यंत्रं बसवण्याआधी उभारणीची संमती, आणि सगळं उभं राहिल्यावर, उत्पादन सुरू करण्याआधी, चालवण्याची संमती.

पहिल्या वेळी मंडळ कागदावरची योजना पाहतं : कच्चा माल कोणता, उत्पादन किती, पाणी किती लागेल, सांडपाणी किती निघेल, ते कुठे जाईल, धुराड्याची उंची किती. दुसऱ्या वेळी, सांगितलेली प्रक्रिया यंत्रणा खरंच बसवली आहे का, हे पाहिलं जातं. शुल्क प्रकल्पातल्या भांडवली गुंतवणुकीवर ठरतं.

ज्या प्रकल्पाने पर्यावरण मंजुरी घेतली आहे, त्याला नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने उभारणीची संमती वेगळी घेण्यातून सूट दिली. चालवण्याच्या संमतीतून मात्र सुटका नाही.

संमतिपत्रावर अटी छापलेल्या असतात आणि त्यात आकडे असतात : रोज इतकंच उत्पादन, इतकंच सांडपाणी, त्यातल्या प्रदूषकांची ही मर्यादा. ओढ्याला फेस आला म्हणून तक्रार करणाऱ्याकडे हा कागद असेल, तर तक्रारीला वजन येतं. ‘कारखाना प्रदूषण करतो’ हे वाक्य मोघम आहे. ‘संमतिपत्रात प्रक्रिया केलेलं पाणी स्वतःच्या जमिनीवर वापरण्याची अट आहे आणि पाणी ओढ्यात सोडलं जातंय’ हे वाक्य तपासता येतं. अटी मोडल्यास प्रकल्प बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे आदेश द्यायचा अधिकार दोन्ही कायद्यांनी मंडळाला दिला आहे.

‘ए’ दिल्लीत, ‘बी’ राज्यात

पर्यावरण मंजुरीच्या यादीत खाणी, वीज प्रकल्प, धरणं, सिमेंट, रसायनं, बंदरं, विमानतळ, महामार्ग, मोठी बांधकामं असे प्रकार आहेत. प्रत्येकासमोर आकाराची मर्यादा दिलेली आहे.

‘ए’ गटातले प्रकल्प केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे जातात. तिथे तज्ज्ञ समिती तपासणी करते आणि मंत्रालय निर्णय देतं. विमानतळ, तेल शुद्धीकरण कारखाना, वर्षाला १० लाख टन किंवा त्याहून जास्त क्षमतेचा सिमेंट कारखाना या गटात येतात.

‘बी’ गटातल्या प्रकल्पांचा निर्णय राज्य पातळीवरचं पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण घेतं. त्याच्या मदतीला राज्याची तज्ज्ञ समिती असते. हे प्राधिकरण राज्याच्या शिफारशीवर केंद्र सरकार नेमतं. राज्यात प्राधिकरण अस्तित्वात नसेल, तर ‘बी’ची प्रकरणंही केंद्राकडे जातात.

‘बी’चे पुन्हा दोन भाग आहेत. ‘बी-१’ला सविस्तर अभ्यास अहवाल, म्हणजेच ‘ईआयए’, करावा लागतो. ‘बी-२’ला तो लागत नाही आणि जनसुनावणीही लागत नाही. त्यामुळे गावाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची रेषा ‘ए’ आणि ‘बी’मधली नसून ‘बी-१’ आणि ‘बी-२’मधली आहे.

काही प्रकारच्या ‘बी’ प्रकल्पांचा गट जागेमुळेही बदलतो. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, अतिप्रदूषित म्हणून जाहीर झालेला भाग किंवा राज्याची सीमा ठरावीक अंतरात असेल, तर तो प्रकल्प ‘ए’ धरला जातो. हे अंतर आधी १० किलोमीटर होतं, २०१४ मध्ये ते ५ किलोमीटर झालं. अतिप्रदूषित भागांची पहिली देशव्यापी यादी २००९ मध्ये आली. ८८ औद्योगिक भाग तपासले गेले आणि ४३ अतिप्रदूषित ठरले. महाराष्ट्रातले चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर त्यात होते.

आकड्याच्या अलीकडे, आकड्याच्या पलीकडे

साखर कारखान्याला पर्यावरण मंजुरी लागते ती रोज ५,००० टन किंवा त्याहून जास्त ऊस गाळपाच्या क्षमतेला. समजा, कुणी ४,९०० टनांचा कारखाना काढला. त्याला प्रदूषण मंडळाची संमती लागेलच, कारण साखर लाल गटात आहे. पण सविस्तर अभ्यास आणि जनसुनावणीची पायरी येत नाही. १०० टनांच्या फरकाने ओढ्याच्या पाण्यात फारसा फरक पडत नाही. प्रक्रियेत मात्र पूर्ण फरक पडतो.

बांधकामांचंही तसंच आहे. २०,००० चौरस मीटर बांधकाम क्षेत्रापासून मंजुरी लागते, दीड लाख चौरस मीटरपासून किंवा ५० हेक्टर जमिनीपासून ती वसाहत प्रकल्प म्हणून तपासली जाते. मोठ्या संकुलाचे तुकडे वेगवेगळ्या नावांनी दाखवले, की प्रत्येक तुकडा मर्यादेखाली राहू शकतो. म्हणूनच अर्ज पाहताना ‘हा प्रकल्प केवढा?’ याबरोबर ‘शेजारी याच मालकाचं आणखी काय आहे, पुढे काय येणार आहे?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

कोणाला सूट द्यायची यावरही वाद होतात. जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेत औद्योगिक शेड, शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं यांच्या मोठ्या बांधकामांना मंजुरीतून सूट दिली गेली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेने हे प्रकरण न्यायालयात नेलं होतं.

मंजुरीचे चार टप्पे

पहिला टप्पा छाननीचा. तो ‘बी’ गटासाठी आहे : प्रकल्प ‘बी-१’ की ‘बी-२’?

दुसरा टप्पा अभ्यासाची कक्षा ठरवण्याचा. तज्ज्ञ समिती त्या प्रकल्पापुरती प्रश्नांची यादी देते : कोणत्या ऋतूत हवा मोजायची, कोणत्या विहिरींचं पाणी तपासायचं, कोणत्या झाडा-प्राण्यांची नोंद घ्यायची. या यादीत जे नाही, ते सहसा अहवालात येत नाही.

तिसरा टप्पा लोकांचं म्हणणं ऐकण्याचा. त्याआधी अहवालाचा मसुदा तयार होतो. तो प्रकल्पाचा मालक मान्यताप्राप्त सल्लागाराकडून करून घेतो आणि सल्लागाराचे पैसेही तोच देतो. या पद्धतीवर सुरुवातीपासून टीका होत आली आहे, कारण अभ्यास करणाऱ्याचं उत्पन्न अभ्यास करवून घेणाऱ्यावर अवलंबून राहतं. म्हणूनच अहवालातली माहिती जागेवरच्या माणसांनी ताडून पाहणं गरजेचं आहे. अहवालात ‘परिसरात पाणवठा नाही’ असं लिहिलं असेल आणि तिथे बारमाही झरा असेल, तर हे गुराख्याला कळतं, दिल्लीतल्या समितीला कळत नाही.

चौथा टप्पा मूल्यमापनाचा. तज्ज्ञ समिती अंतिम अहवाल आणि सुनावणीचं इतिवृत्त तपासून शिफारस करते. २००६ च्या अधिसूचनेत समितीला ६० दिवस आणि त्यानंतर निर्णयाला ४५ दिवस, असे १०५ दिवस दिले होते.

जनसुनावणी : नियम काय सांगतो?

सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. हात वर करून प्रकल्प मंजूर-नामंजूर होत नाही. गणपूर्तीची अटही नाही, दहाच माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरलं जातं. गैरहजर राहून सुनावणी अडवता येत नाही, उलट इतिवृत्त कोरं राहतं.

नियमांतले मुख्य मुद्दे असे :

- सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करतं. जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो.
- किमान ३० दिवस आधी एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात सूचना द्यावी लागते.
- सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जागेजवळ घ्यायची असते.
- मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, मंडळाचं कार्यालय अशा ठिकाणी पाहायला ठेवलेला असतो. सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही द्यावा लागतो.
- उपस्थित प्रत्येकाला माहिती विचारण्याचा हक्क आहे. पूर्ण कामकाजाचं चित्रीकरण होतं.
- शेवटी लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांचं निवेदन स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं.
- येऊ न शकणाऱ्यांना लेखी म्हणणं पाठवता येतं.

शेकडो पानांचा मूळ अहवाल सहसा इंग्रजीत असतो आणि मराठीत मिळतो तो काही पानांचा सारांश. पाण्याचे, हवेचे आकडे, अंतरं, नकाशे मूळ अहवालातच असतात. गावातल्या शिक्षकाने किंवा महाविद्यालयात जाणाऱ्या मुला-मुलींनी ३० दिवसांत त्यातली चार प्रकरणं जरी वाचली, तर सुनावणीचा सूर बदलतो.

सुनावणीत जोरात बोललेलं विसरलं जातं, नोंद झालेलं टिकतं. म्हणून मुद्दा लिहून न्यावा, वाचून दाखवावा आणि प्रत देऊन पोच घ्यावी. ‘आमचा विरोध आहे’ यापेक्षा ‘अहवालाच्या अमुक पानावर विहिरींची संख्या चुकीची आहे, ही यादी’ हे इतिवृत्तात जाणं जास्त उपयोगी पडतं. मालकाला त्यावर उत्तर द्यावं लागतं आणि अंतिम अहवालात ते दाखवावं लागतं.

प्रकल्पाच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही हेच लागू आहे. ‘रोजगार मिळेल’ हे आश्वासन व्यासपीठावर विरून जाऊ शकतं. किती जागा, कोणत्या कामासाठी, स्थानिकांना किती, हे प्रश्न नोंदीत आले तर पुढे विचारता येतात.

सुनावणी प्रत्येक प्रकल्पाला नसते. ‘बी-२’ प्रकल्प, बांधकाम प्रकल्प, पर्यावरण मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतींमधले कारखाने यांना ती लागत नाही. शेजारच्या तालुक्यात सुनावणी का झाली नाही, याचं उत्तर बहुधा इथे सापडतं.

मोपाचा धडा

पहिल्या अर्जातली माहिती किती महत्त्वाची असते, हे गोव्याच्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात दिसलं. पेडणे तालुक्यातला हा प्रकल्प सिंधुदुर्गच्या सीमेला लागून आहे. त्याला ऑक्टोबर २०१५ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

२९ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने मंजुरी स्थगित करून तज्ज्ञ समितीला फेरविचार करायला सांगितलं. परिसरातली जंगलं आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं यांची माहिती सुरुवातीच्या अर्जात नीट दिलेली नव्हती, आणि पुढचा सगळा अभ्यास त्याच अर्जावर उभा होता. सुनावणीत आलेल्या हरकतींचा समितीने पुरेसा विचार केल्याचंही दिसत नव्हतं.

समितीने पुन्हा तपासणी करून जादा अटी सुचवल्या. १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठवली आणि अटींच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेला नेमलं. डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं.

या प्रकरणात विमानतळ थांबला नाही. पण अर्जात जे दडलं, त्याने प्रकल्पाची महिने लांबण झाली. माहिती पहिल्यांदाच पूर्ण दिली असती, तर विरोधकांना न्यायालयात जावं लागलं नसतं आणि बांधणाऱ्यांचं कामही अडकलं नसतं. जाणूनबुजून खोटी किंवा अपुरी माहिती दिल्यास अर्ज फेटाळण्याची आणि दिलेली मंजुरी रद्द करण्याची तरतूद २००६ च्या अधिसूचनेतच आहे.

आधी बांधकाम, मग मंजुरी?

अधिसूचनेत शब्द आहे ‘पूर्व’ मंजुरी. म्हणजे जमिनीला कुंपण घालण्यापलीकडे काही करण्याआधी ती हातात हवी. प्रत्यक्षात अनेकदा उलटं होतं.

पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यातल्या लवासा प्रकल्पाला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये, पूर्वमंजुरीशिवाय बांधकाम केल्यावरून, कारणे दाखवा नोटीस दिली आणि काम थांबवायला सांगितलं. वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली.

अशा प्रकल्पांचं काय करायचं, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. मार्च २०१७ च्या अधिसूचनेने आणि जुलै २०२१ च्या कार्यालयीन आदेशाने नंतर मंजुरी देण्याची वाट काढली. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही रद्द केले. पुढे १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला आणि प्रकरण नव्याने ऐकायचं ठरलं.

पूर्ण झालेल्या इमारती पाडणं म्हणजे सार्वजनिक पैशाची नासाडी, हा एका बाजूचा युक्तिवाद आहे. नंतर मंजुरी मिळणारच असेल तर आधी कोण विचारेल, हा दुसऱ्या बाजूचा. गाव, सुनावणी, अभ्यास या सगळ्याला अर्थ उरतो तो परवानगी आधी लागते म्हणूनच.

मंजुरी मिळाल्यावर काय?

मंजुरीच्या पत्रात अटींची यादी असते. बहुतेक प्रकल्पांना ती साधारण १० वर्षांसाठी असते, खाणी आणि धरणांसाठी मुदत वेगळी आहे. अटी पाळल्याचा अहवाल मालकाला वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो.

मंजुरी मिळाल्याची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी लागते. मंजुरीपत्राची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेलाही मिळते आणि तिने ती ३० दिवस लावायची असते. ग्रामपंचायतीच्या फलकावरचा हा कागद सहज दुर्लक्षित राहतो. पण अपिलाची मुदत साधारण याच वेळी सुरू होते.

मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करता येतं. योग्य कारण दाखवल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. त्यापुढे दार बंद होतं. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे.

माहिती कुठे पाहायची?

पर्यावरण मंजुरीचे अर्ज, अभ्यासाच्या कक्षा, अहवाल आणि मंजुरीपत्रं केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर मिळतात. संमतिपत्रांसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संकेतस्थळ आहे. तिथे कागद सापडला नाही, तर माहिती अधिकारात मागता येतो.

नवा उद्योग काढणाऱ्यासाठी क्रम असा : आधी उद्योग २०२५ च्या यादीत कोणत्या रंगात आहे ते पाहावं, मग तो पर्यावरण मंजुरीच्या यादीत आणि मर्यादेत येतो का ते तपासावं, आणि जागा घेण्याआधी अभयारण्य, जंगल, समुद्रकिनारा, नदी यांची अंतरं मोजावीत. वनजमीन असेल तर वनविभागाची आणि किनारपट्टी असेल तर सीआरझेडची परवानगी वेगळी लागते. डाळ मिल टाकणाऱ्याचं काम संमतिपत्रावर भागतं.

गावासाठी क्रम याहून सोपा आहे. प्रकल्पाची कुणकुण लागली की पहिला प्रश्न विचारायचा : अर्जात प्रकल्प कोणत्या गटात दाखवलाय? जनसुनावणीची चौकट दिसली, तर तिचा फोटो ग्रुपवर त्याच दिवशी टाकायचा. आदल्या दिवशी टाकला, तर ३० पैकी २९ दिवस गेलेले असतात.